न सुटणारे बोल्ट आणि गावडे काका

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या शेजारच्या घरात गावडे काका राहायचे. काकांना जाऊन आता बरेच दिवस झाले. तरी कुणाच्या मोटरसायकलचा बोल्ट अडकला की इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "आज काका हवे होते." एखाद्या मेकॅनिकबद्दल कुणी असं म्हटलं तर त्यात नवल नाही. पण काका मेकॅनिक नव्हते. मोटरसायकल नेमकी कशी चालते हे त्यांना धड ठाऊक होतं असंही मला वाटत नाही. त्यांना एकच गोष्ट यायची आणि तिचा त्यांना भयंकर अभिमान होता. न सुटणारा बोल्ट ते सोडवायचे.

फक्त सोडवायचे, बरं का. बोल्ट बाहेर आला की काका तो तळहातावर घेऊन फुंकर मारत, मालकाच्या हातात प्रसादासारखा ठेवत आणि "पुढचं तुमचं तुम्ही बघा" म्हणून आंघोळीला निघून जात. गाडी तिथेच अर्धी उघडी पडलेली. मालक एका हातात बोल्ट आणि दुसऱ्या हातात चाक घेऊन त्यांच्या बंद दाराकडे बघत उभा. काकू आतून हसत सांगायच्या, "आमच्याकडे उघडायचं खातं आहे हो, बंद करायचं नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा मलाच लावावं लागतं." एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी भोळेपणाने त्यांना गच्चीवरचा नळ जरा आवळायला सांगितला. नळ काकांच्या हातात आला आणि पाणी जिन्यात. त्यानंतर त्यांना कुणी काही आवळायला सांगितलं नाही.

नोकरी त्यांनी मरोळच्या एका कारखान्यात केली, स्टोअरकीपर म्हणून. म्हणजे आयुष्यभर पाने, हातोड्या, ड्रिल मशीन लोकांना द्यायची आणि संध्याकाळी पुसून परत घ्यायची. स्वतः एकही वापरायचं नाही. "इतकी वर्षं लग्नात वाढपी होतो गो बाय," ते मला म्हणायचे, "आता कुठे पंगतीला बसलोय." रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतून माणसं टीव्ही घेतात, अष्टविनायक करतात. काकांनी पान्यांचा अख्खा संच घेतला आणि स्वयंपाकघरात, काकूंच्या डाळींच्या डब्यांशेजारी मांडून ठेवला. मूग, मटकी, बारा नंबर, चौदा नंबर.

काका उंच, काटकुळे. पट्टेरी लेंगा आणि वर ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी छोटा टॉर्च. एरवी आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे, पण हातात पाना आला की गाडी थेट मालवणला. काकू सांगायच्या की भांडताना आणि बोल्ट सोडवतानाच त्यांना गावची भाषा सुचते.

माझी त्यांची ओळखही बोल्टामुळेच झाली. मी तेव्हा पवईला नोकरी करत होते आणि हौसेने एक जुनी मोटरसायकल घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मी ती गेटजवळ आडवी पाडली आणि फुटरेस्ट वाकला. कोपऱ्यावर जगतापचं गॅरेज होतं. जगताप साताऱ्याचा गडी, हाताला जड पण कामाला पक्का. तो पाना घेऊन आला, जोर लावला, मग पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहिला. बोल्टाचं डोकं एका बाजूने गोल व्हायला लागलं, पण बोल्ट हलेना. जगताप म्हणाला, "ताई, हा नाय निघत. कापूया," आणि ग्राइंडर आणायला वळला.

"थांब मेल्या!"

दुधाच्या पिशव्या घेऊन काका येत होते. त्यांनी पिशव्या माझ्या हातात दिल्या, जसं काही मी त्यासाठीच उभी होते, आणि उकिडवे बसून टॉर्च मारला. बोट फिरवलं. मग मान वर करून अगदी पोलिसी आवाजात विचारलं, "ह्यो बोल्ट कोणी आवळल्यान?"

मी म्हटलं, गाडी जुनी आहे, मला काय माहीत.

"आधीचा मालक कसा होता? घाबरट?"

मी आठवून बघितलं. गाडीचे कागद त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत आणि ती तिसऱ्या पिशवीत घालून दिले होते. मी तसं सांगितल्यावर काकांचा चेहरा उजळला.

"हां! मग ह्या गंज नाय, ह्या गोंद."

मग त्यांनी मला आणि अनिच्छेने जगतापलाही समजावून सांगितलं. गाडीच्या हादऱ्याने बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांमध्ये घालायचं एक औषध मिळतं. निळं घातलं तर पान्याने सुटतं. लाल घातलं की बोल्ट आणि गाडी एकजीव. "गंजाला तेल पाजतात. गोंदाला तेल पाजून काय होणार? त्याला ऊब लागते." कुणी आवळला हे ते नेहमी आधी विचारत. आवळणाऱ्याचा स्वभाव कळला की अर्धा बोल्ट तिथेच सुटतो असं त्यांचं म्हणणं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर आली. काकांनी पेट्रोलची टाकी ओल्या गोणपाटाने झाकली, सोल्डरिंगची गन बोल्टाच्या डोक्यावर टेकवली आणि स्टूल घेऊन निवांत बसले. बसले ते बसलेच. मला ऑफिसला उशीर होत होता. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाले, "भात शिजला की तुला कसं कळतं? तसंच." भात मला कधीच कळला नाही, म्हणून मी गप्प बसले. थोड्या वेळाने करपल्यासारखा वास आला. काकांनी गन बाजूला ठेवली, पाना चढवला आणि बोल्ट केसभर आवळला. सोडवायच्या ऐवजी चक्क आवळला. "आधी जरा आवळायचं," डोळा मारून म्हणाले. "त्याला वाटायला हवं, आपण त्याच्याच बाजूचे." मग उलटा फिरवला. कर्र असा आवाज झाला आणि बोल्ट शहाण्यासारखा फिरत बाहेर आला.

"बोल्ट माणसापेक्षा बरा गो बाय," तळहातावर फुंकर मारत ते म्हणाले. "गरम झाला की सैल पडतो. माणूस गरम झाला की आणखी आवळतो." आणि दुधाच्या पिशव्या घेऊन आंघोळीला गेले. नवा फुटरेस्ट अर्थात जगतापनेच बसवला, करवादत. "सोडवलं त्यांनी, बसवायचं मी, नाव कुणाचं?"

ह्या दोघांचं हे कायमचं होतं. काका जगतापला 'कसाई' म्हणायचे, अगदी तोंडावर. कापणं म्हणजे खून, असा त्यांचा कायदा होता. कुणी बोल्ट कापून काढला असं कळलं की ते त्या माणसाशी दोन-तीन दिवस बोलत नसत. जगतापही काही कमी नव्हता. "काका, माझ्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. तुमच्यासारखं बोल्टाच्या उशाशी बसायचं तर मला रिटायर व्हावं लागेल." तरी खरोखर अडला की तोच गिऱ्हाइकाला आमच्या गेटात पाठवायचा, आणि काका "कसायाने गाय पाठवली" म्हणत खुशीत बाहेर यायचे.

फारच हट्टी बोल्ट असला तर काका गाऱ्हाणं घालत. आमच्याकडे कोकणात देवळात देवासमोर उभं राहून एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तेच. फक्त इथे देवाच्या जागी मोटरसायकल. मला आठवतं ते खाणं पोचवणाऱ्या एका पोऱ्याच्या गाडीचं. पुढच्या चाकाची ब्रेकची डिस्क बदलायची होती आणि तिचे बोल्ट कंपनीतूनच गोंद घालून आलेले. त्याच्या पेटीत कुणाचीतरी बिर्याणी थंड होत होती. चार बोल्ट सुटले, पाचवा ढिम्म हलेना. काका उठले, लेंग्याची नाडी घट्ट केली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

जिन्यावर जमलेली मंडळी तयारच होती. "व्हय म्हाराजा!"

"आज ह्या झिलान आपली गाडी तुझ्या पायाकडे आणून उभी केल्यान हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कंपनीवाल्यान जो काय गोंद घातल्यान असात, तो इरघळवून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात पहिल्या मजल्यावरच्या शहाबेन सगळ्यात मोठ्याने. त्यांना अर्थ कळायचा की नाही देव जाणे, पण एकदाही चुकल्या नाहीत.

"बोल्टाचा डोक्या गोल होव देव नको म्हाराजा! आणि त्या जगतापाचो ग्राइंडर ह्या गेटाच्या आत येव देव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मागून स्वतः जगताप म्हणाला. बघायला आला होता.

बोल्ट सुटला. पोऱ्या काकांच्या पाया पडला, काका आंघोळीला गेले, आणि चाक जगतापने बसवलं. बिर्याणीवाल्याचे किती फोन येऊन गेले असतील ते त्यालाच माहीत.

दर वेळी सगळं असं गोडच झालं असं मात्र कुणी समजू नये. सोल्डरिंगच्या गनवर भागेना म्हणून काकांनी एक गरम हवेची गन आणली आणि पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्या स्कूटरचा इंडिकेटर मेणासारखा खाली ओघळवला. सेक्रेटरी ओरडायला लागले तर काका म्हणतात, "इंडिकेटर हवाय कशाला? हात दाखवायचा." चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काकूंनीच गुपचूप नवा इंडिकेटर आणून दिला आणि सोबत वाटीभर सोलकढी. सेक्रेटरी निवळले ते सोलकढीने असं माझं मत आहे.

काकूंबद्दल सांगायलाच हवं. शालिनी काकू बुटक्या, गोल, आणि बोलण्यात काकांना खिशात घालणाऱ्या. दर रविवारी सकाळी काका आपली काळी, जुनी, किक मारायची मोटरसायकल काढत आणि दोघं भांडुपला मासे आणायला जात. काकू मागे एका बाजूला पाय टाकून, एक हात सीटच्या कडीला, दुसऱ्यात पिशवी. मागच्या चाकाला साडी गार्डची जाळी, खाली काकूंच्या पायांसाठी लांब फुटरेस्ट. मासे काकू निवडत. काका पिशवी धरत आणि घरी येताना सगळ्या जिन्याला भाव सांगत. ह्या रविवारच्या फेरीवर त्यांचा सगळा आठवडा चालायचा. सोमवारी मागच्या माशांवर चर्चा, शुक्रवारपासून पुढच्या माशांवर.

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं, काठी सुटली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मोटरसायकलवर एका बाजूला पाय टाकून, अंग पिळून आता बसायचं नाही. दोन्हीकडे पाय टाकून, सरळ बसणार असाल तर बसा. पण जाळी आणि तो लांब फुटरेस्ट असताना त्या बाजूला पाय नीट ठेवायला जागाच नव्हती. गार्ड काढल्याशिवाय काकूंना गाडीवर बसता येणार नव्हतं. चार बोल्ट. ज्या माणसाने अर्ध्या मुलुंडचे बोल्ट सोडवले त्याला चार बोल्ट म्हणजे काय!

काकूंनी माझ्याबरोबर येऊन दोन पंजाबी ड्रेस घेतले, जन्मात पहिल्यांदा. आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कशी गं दिसते मी? नातीच्या शाळेतल्या बाईंसारखी ना?" आणि घरी येऊन काकांना सांगितलं, रविवारी जाळी निघाली पाहिजे.

रविवारी काका म्हणाले, हवा दमट आहे. पुढच्या रविवारी अमावस्या. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, मासे आता घरपोच मिळतात की, फोनवरून मागवा. हे काका बोलले! मी एकदा फोनवरून मासे मागवले तेव्हा, फोनवर पापलेटाचे डोळे दिसतात का म्हणून ज्यांनी माझी अख्ख्या जिन्यासमोर अब्रू काढली होती, ते काका. मासे आले घरी. काकूंनी पिशवी उघडून बघितली, एक वास घेतला आणि पिशवी तशीच काकांच्या हातात दिली.

"सगळ्या मुलुंडचं सोडवता," त्या म्हणाल्या, "आणि माझं एवढं सोडवायला होत नाही? मला घरात बसवून ठेवायचं असेल तर तसं सांगा."

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, आणि काका पान्यांचा डबा घेऊन बाहेर आले.

पहिले दोन बोल्ट निघाले. उरलेले दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या रबराला अगदी लागून होते. तिथे ऊब द्यायची तर रबर जळणार, नाही द्यायची तर गोंद सुटणार नाही. काकांनी सोल्डरिंगचं टोक टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. जिन्यातून कुणीतरी गाऱ्हाण्याची आठवण केली तर त्यांनी अशा नजरेने बघितलं की तो माणूस घरात गेला. तिसऱ्या बोल्टाचं डोकं गोल झालं. मग त्यांनी आतून धरून काढायचा दांडा आणला. बोल्टात भोक पाडून त्यात उलटा पिळायचा असतो तो. तो पिळताना टक्कन आवाज झाला आणि दांडाच आत मोडला. आता ड्रिलही चालणार नव्हतं, कारण मोडलेलं टोक बोल्टापेक्षा कडक. वाट लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं.

काका उपड्या बादलीवर बसले. मी चहा घेऊन गेले. विनोद करावा म्हणून मी म्हटलं, "काका, हा आवळला तरी कुणी?"

"मीच," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी चहा हातात धरून सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी घाटकोपरला एका लग्नाला दोघं गेले होते. परत येताना ह्याच जाळीचा एक बोल्ट हादऱ्याने पडून गेला, जाळी सैल झाली आणि काकूंच्या साडीचा सोगा चाकात गेला. "मी आपला बोलतोय," काका म्हणाले. "जिलेबी बरी होती, मठ्ठा पातळ होता. ती काही बोलेना. मला वाटलं रागावली. मागे वळून बघितलं तर सीटवर ती नव्हती गो. किती लांब मी एकटाच बडबडत गेलो होतो, देवाला ठाऊक." काकूंना कोपराला टाके पडले, एवढ्यावर निभावलं. पण दुसऱ्या दिवशी काकांनी कारखान्यातून लाल गोंदाची बाटली मागून आणली आणि चार बोल्टांत मिळून अख्खी ओतली. वर हातोडीने आट्यांची टोकं चेचली, पुन्हा म्हणून कधी सुटू नयेत म्हणून. "आता हात लावला की तोच रस्ता दिसतो. जाळी काढली आणि पुन्हा ती..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

काका घाबरले होते. इतकी साधी गोष्ट होती आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मला त्यांची फार माया आली.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या सावकाश पायऱ्या उतरून आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या.

"अहो, मी तेव्हा पडले कारण मला धरायला काही नव्हतं. एका बाजूला बसलेलं माणूस काय धरणार? त्या सीटच्या कडीला? आता मी सरळ बसेन. तुम्हाला धरून बसेन. मग कशी पडेन?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला, घरात गेले आणि पँट घालून बाहेर आले. लेंग्याशिवाय मी त्यांना फार क्वचित बघितलं होतं. केस विंचरून, शर्ट खोचून, एखाद्याच्या घरी सांत्वनाला जावं तसे ते चालत जगतापच्या गॅरेजवर गेले.

जगताप ग्राइंडर घेऊन आला तेव्हा सगळा जिना आधीच भरला होता. मला वाटलं, आता हा सगळ्या वर्षांचा सूड उगवणार. त्याने वाकून बोल्ट बघितला, बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, हा आवळला कुणी?"

"मी."

जगताप मान हलवत म्हणाला, "झकास आवळलाय. मी एवढ्या गाड्या बघितल्या, असा नाय बघितला." तेवढंच. कसाई वगैरे शब्द कुणीच काढला नाही.

काकांनी टायरवर आणि सीटवर ओलं गोणपाट घातलं आणि पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसले. ठिणग्या उडायला लागल्या तसे ते पाणी सोडत राहिले. जाळी शेवटी खणकन खाली पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. जगतापने उरलेली टोकं कानस मारून गुळगुळीत केली. काकांनी अंगठा फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. "इथे जरा," म्हणाले. जगतापने पुन्हा कानस मारली. हे इतक्या वेळा झालं की शहाबेन चहा टाकायला वर गेल्या. मग जगतापने दुसऱ्या बाजूसारखाच छोटा फुटरेस्ट लावला, आणि त्याचा बोल्ट आवळताना काका पहिल्यांदाच बंद करायच्या कामात टॉर्च धरून बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुण्याला नोकरी लागली. काका गेल्याचं मला तिथे फोनवर कळलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते जाळी कापल्यानंतरच्या रविवारचे काका.

काकू निळ्या ड्रेसमध्ये बाहेर आल्या. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून वेणी घालावी लागली आणि ती ड्रेसच्या आत खोचावी लागली. काकांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली, जशी ते अवघड बोल्टाभोवती मारत.

"ओढणी?"

"अहो, लोक काय म्हणतील!"

"चाकात जाईल."

काकूंनी एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा गेटाकडे. मग ओढणी काढून माझ्या हातात दिली. "धर गं. आल्यावर देशील." आणि मोकळ्या झालेल्या हातांचं काय करावं ते न कळून ड्रेस खाली ओढत राहिल्या.

स्टुलावर चढून, माझा खांदा धरून त्यांनी पाय पलीकडे टाकला. बसल्या. जरा हलून बघितलं. "बरं आहे की हे! इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून काकांच्या पोटावर एकात एक गुंफले. भर सकाळी, सोसायटीच्या गेटात, सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर. काकांचे कान लाल झाले. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. वरून शहाबेन हसल्या. काकांनी पुन्हा किक मारली. ह्या वेळी गाडी हळूहळू निघाली.

गेटाशी काकांनी मान वळवून मागे बघितलं. चार पावलांवर पुन्हा बघितलं. स्पीडब्रेकरवर तर गाडी जवळजवळ थांबवूनच बघितलं. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता.

काकूंनी एक हात सोडून त्यांच्या पाठीत हलकी चापट मारली. त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की मला गेटापर्यंत ऐकू आलं.

"पुढे बघा हो. आहे मी!"

आणि हात पुन्हा पुढे घालून त्यांनी काकांना घट्ट धरलं. मग काका पुढे बघून चालवू लागले, आणि वळणावरून गाडी भांडुपच्या बाजूला गेली.